गावतळ्यातील जलपर्णी : तणनाशक मारावे, ग्रास कार्प सोडावेत की दुसरा काही मार्ग आहे?

तळेकाठ (उत्तर सोलापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला सुमारे ७ एकरांचा जुना पाझर तलाव आहे. चांगला पाऊस झाला की सांडव्यावरून पडणारे त्याचे पाणी ओढ्याने पुढे जाऊन सीना नदीला मिळते. आपल्या भागात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा असतो, त्यामुळे खालच्या अंगाच्या विहिरी, जनावरांचे पाणी आणि उन्हाळ्यातला कडबा-मका हे सारे या एका तळ्यावर अवलंबून आहे.

तीन वर्षांपूर्वी ओढ्याच्या तोंडाशी जलपर्णीची पहिली जांभळी फुले दिसली, तेव्हा ती सर्वांना आवडली होती. काही घरांतून ती परसातल्या टाकीतही नेऊन लावली गेली. आज तळ्याचा निम्म्याहून अधिक भाग तिने व्यापला आहे. गेल्या मार्चमध्ये आम्ही वर्गणी काढून जेसीबी लावला आणि आठ दिवस काम केले, परंतु ठेकेदाराने काढलेला सगळा माल बांधाच्या आतल्या उतारावरच ढीग लावून ठेवला आणि आमच्यापैकी कोणालाही त्यात काही चुकते आहे असे वाटले नाही. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाने त्यातला बराचसा भाग पुन्हा पाण्यात लोटला आणि दिवाळीपर्यंत तळे पूर्वीसारखेच हिरवे झाले.

येत्या ग्रामसभेत तीन सूचना चर्चेला येणार आहेत. एक, उसाला मारतात त्यांपैकी एखादे तणनाशक पंपाने फवारावे. दोन, ग्रास कार्प जातीचे मत्स्यबीज सोडावे, म्हणजे मासे जलपर्णी खातील आणि गावाला उत्पन्नही मिळेल. तीन, तळ्यात गाळ येऊ नये म्हणून वरच्या माळावर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची) दाट लागवड करावी. मला स्वतःला तिन्ही सूचनांबद्दल शंका आहे, पण सभेत उभे राहून बोलण्याइतकी माहिती माझ्याजवळ नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त प्राध्यापक, वनस्पतिशास्त्र (सोलापूर शहर)

आपण गेल्या वर्षीची चूक मोकळेपणाने लिहिली, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. जलपर्णी का परत येते, एवढे एकदा ध्यानात आले की तिन्ही सूचनांपैकी पहिल्या दोन आपोआप मागे पडतात.

पुढच्या वेळी तळ्यावर जाल तेव्हा एक झाड हातात घेऊन नीट पाहावे. देठ मध्यभागी कांद्यासारखा फुगलेला असतो. तो नखाने फोडला तर आत स्पंजासारखे हवेचे कप्पे दिसतात, आणि त्यांच्या बळावर ते तरंगते. खाली काळसर, पिसासारखी मुळे लोंबत असतात. बाजूने करंगळीएवढा एक धुमारा निघालेला दिसेल आणि त्याच्या टोकाला तसेच दुसरे लहान झाड धरलेले असेल. हा धुमारा तुटला की दोन स्वतंत्र झाडे झाली. उन्हाळ्यात, सांडपाणी मिळणाऱ्या तळ्यात, तिची संख्या साधारण पंधरा दिवसांत दुप्पट होऊ शकते. म्हणजे कोपऱ्यात राहून गेलेल्या १० झाडांची सहा महिन्यांत ४० हजारांहून अधिक झाडे होतात. जेसीबीचे बकेट दाट थर उचलते, परंतु त्याच्या दात्यांतून तुटून पडलेले तुकडे पाण्यातच राहतात, आणि आपल्या तळ्यात तर ढीगच आत होता.

दुसरी गोष्ट बियांची. त्या तळाच्या गाळात जाऊन बसतात आणि पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहू शकतात. उन्हाळ्यात काठ उघडा पडला आणि त्यावर पहिला पाऊस पडला की त्या उगवतात. म्हणून तळे एकदा स्वच्छ केले म्हणजे काम संपले, असे या वनस्पतीच्या बाबतीत कधीच होत नाही. गावाने हे काम आठ दिवसांचे न मानता निदान पाच-सात वर्षांचे मानले तरच वर्गणीचा पैसा सार्थकी लागेल.

तणनाशकाविषयी मी स्पष्टच लिहितो : कृपया मारू नये. फवारणीने जलपर्णी वाळते हे खरे आहे, परंतु ती वाळून जाते कोठे? शेकडो टन ओला पाला एकाच वेळी तळाशी बसून कुजू लागतो, कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतो आणि चार-आठ दिवसांत मासे पोट वर करून तरंगू लागतात. त्या कुजलेल्या पाल्यातील नत्र आणि स्फुरद पुन्हा पाण्यातच उतरते, म्हणजे पुढच्या पिढीसाठी खत आपणच घालून ठेवतो. शिवाय या तळ्याचे पाणी जनावरे पितात आणि ते विहिरींना पाझरते. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या बाबतीत तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून परवानाधारक कीड नियंत्रण चालकांखेरीज इतरांना त्याच्या वापरास मनाई केली आहे. हा मुद्दा ग्रामसभेत अवश्य मांडावा.

मग करायचे काय? हाताने आणि दोरीने, भाग पाडून काढणे. तळे चार-पाच भागांत विभागावे. दोरीला रिकामे प्लास्टिकचे कॅन बांधून आणि खाली दीड-दोन फूट जुनी जाळी सोडून एक तरंगता अडसर तयार होतो. तो आडवा लावून एक भाग पूर्णपणे, शेवटच्या तुकड्यापर्यंत स्वच्छ करावा आणि मगच अडसर पुढे सरकवावा. निम्मे-निम्मे सगळीकडे काढण्यापेक्षा एक चतुर्थांश पूर्ण काढणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. लांब दांड्याचे दाताळे, दोन-तीन तराफे आणि काठावर ओढायला ट्रॅक्टर एवढे साहित्य पुरते. एप्रिल आणि मे हा सर्वांत चांगला काळ, कारण पाणी आटते, पुष्कळ झाडे चिखलावर उघडी पडतात आणि सोलापूरचे ऊन आपल्या बाजूने काम करते. काढलेला माल मात्र बांधाच्या बाहेरच्या अंगाला, पाणलोटाच्या पलीकडे, पातळ पसरून वाळवावा. झाडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असल्याने ढीग पंधरा दिवसांत पाहता पाहता खाली बसतो. शेण मिसळून त्याचे खत होते. परंतु ज्या तळ्यात कारखान्याचे किंवा रंगकामाचे पाणी येते तेथील जलपर्णीचे खत भाजीपाल्याला घालू नये, कारण ही वनस्पती पाण्यातील जड धातू स्वतःमध्ये साठवते. आपल्या तळ्यात तसे पाणी येत नसावे असे धरून मी लिहीत आहे.

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न : वरून येणाऱ्या ओढ्यात कोणाचे सांडपाणी सोडले आहे का? स्वच्छ, खत नसलेल्या पाण्यात जलपर्णी इतकी माजत नाही.

उजनीकाठचा मासेमार (करमाळा तालुका)

गुरुजींनी लिहिलेले पूर्णपणे पटले. आम्ही उजनीच्या पाण्यावर जगणारी माणसे आहोत. १९८० मध्ये धरण झाले तेव्हापासून आमच्या घरात मासेमारी आहे, म्हणून दुसऱ्या सूचनेबद्दल अनुभवाने लिहितो.

ग्रास कार्प जलपर्णी खाऊन संपवतो हा मोठा गैरसमज आहे. हा मासा पाण्याखालची मऊ शेवाळवर्गीय वनस्पती, कोवळे गवत आणि काठाचा चारा आवडीने खातो. जलपर्णीचे राठ देठ तो नाइलाज झाल्याशिवाय तोंडात धरत नाही. म्हणजे तळ्यात जी थोडी देशी पाणवनस्पती उरली असेल, जिच्या आधाराने मरळ अंडी घालते आणि लहान मासे लपतात, ती आधी संपेल आणि जलपर्णी तशीच राहील. हा मासाही आपला नाही. तो पूर्व आशियातला असून १९५९ साली भारतात आणला गेला. बंदिस्त शेततळ्यात त्याला पाळणे वेगळे आणि सांडवा नदीला मिळणाऱ्या तळ्यात सोडणे वेगळे. आपला सांडवा सीनेत जातो आणि सीना पुढे हत्तरसंग कुडलजवळ भीमेला मिळते. तळ्यात सोडलेला मासा तळ्यातच राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही.

बाहेरचा मासा आला की काय होते ते आमच्या जाळ्यात रोज दिसते. माझे वडील वाम, मरळ, शिंगटा हे मासे पाट्या भरून आणत असत. आज जाळे ओढले तर बहुतांश चिलापीच (तिलापिया हा परदेशी मासा) येते. चिलापी पुष्कळ येते, विकलीही जाते आणि तिच्यावर अनेक घरे चालतात, हे मी नाकारत नाही, परंतु तिने घरटी घालण्याच्या उथळ जागा व्यापल्या आणि जुने मासे मागे हटले. त्यात आता सकर मासा सापडू लागला आहे. शहरातील लोक काचेच्या पेटीतले शेवाळ साफ करायला तो विकत घेतात आणि हातभर वाढला की दया येऊन नदीत सोडतात. त्याच्या अंगावर हाडासारखे कवच आणि परांना टोकदार काटे असतात. एकदा तो जाळ्यात अडकला की सोडवताना बोटे रक्ताळतात आणि शेवटी जाळेच कापावे लागते. बाजारात त्याला कोणी विचारत नाही. गेल्या हंगामात माझे एक नवे जाळे, ज्याचे पैसे अजून फिटलेले नव्हते, तीन आठवड्यांत असे चिंध्या झाले.

मत्स्यबीज सोडायचेच असेल तर ते कोणत्या जातीचे आहे, कोठून आले आहे, हे लेखी घ्यावे. आफ्रिकन मांगुराच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे, तरीही तो चोरून पाळला जातो आणि साध्या मांगुराच्या नावाखाली खपवला जातो. तो पाण्यातले काहीही खातो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो आणि एकदा शिरला की काढता येत नाही.

आणखी एक विनंती. तुमच्या तळ्यावर बाहेरचे मासेमार येत असतील तर त्यांची जाळी आणि तराफे आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून मगच पाण्यात घालू द्यावेत. जाळ्याच्या गाठीत अडकलेला जलपर्णीचा एक ओला धुमारा पुढच्या गावच्या तळ्याला पुरेसा होतो. आमच्याकडेही ती वरून, मुळा-मुठेच्या सांडपाण्याबरोबर भीमेतून वाहत आली. जाळ्यांनी ती गावोगाव नेली, हे मात्र आमचेच काम आहे, आणि ते कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

माळराखण (नान्नज परिसर)

तिसऱ्या सूचनेवर लिहितो, कारण ती सर्वांत निरुपद्रवी वाटते आणि माझ्या मते सर्वांत जास्त काळ भोवणारी आहे.

वरचा माळ मोकळा दिसतो म्हणून तो पडीक आहे असे समजू नये. नान्नजला १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले ते अशाच मोकळ्या गवताळ माळावर. माळढोक, काळवीट, लांडगा, खोकड या सर्वांना लांबवर नजर पोहोचेल अशी जमीन लागते. हिरवळ वाढावी या चांगल्या हेतूने या परिसरात ठिकठिकाणी गिरिपुष्प लावले गेले. ते भराभर वाढते, आपल्याकडची गुरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत, म्हणून जगलेल्या रोपांची आकडेवारी छान दिसते. पण दहा वर्षांनी तिथे जाऊन पाहावे : सावलीत पवन्या आणि मारवेल ही आपली गवते विरळ होत जातात, खाली उघडी माती राहते आणि उघडी माती पहिल्या पावसाबरोबर तुमच्याच तळ्यात येते. ज्या गाळासाठी हे झाड लावायचे, तो गाळ त्याने थांबत नाही.

माती धरून ठेवण्याचे काम आपले गवत करते. पाणलोटात दोन पावसाळे चराई बंद ठेवली, नाल्यांच्या तोंडाशी दगडांचे लहान बांध घातले आणि उघड्या पडलेल्या जागी मारवेलाचे ठोंब लावले, तर तिसऱ्या वर्षी कापणीला चारा मिळतो. मेंढपाळांना विश्वासात घेऊन, माळाचा एक भाग त्यांच्यासाठी मोकळा ठेवूनच हे करावे, नाहीतर कुंपण पहिल्याच उन्हाळ्यात मोडेल आणि त्यात त्यांचा दोष नसेल. झाडेच हवी असतील तर ओढ्याच्या काठाने करंज, उंबर, जांभूळ, निर्गुडी लावावी आणि माळावर तुरळक हिवर, बोर, सौंदड, तरवड असू द्यावी. ही झाडे सावकाश वाढतात हे खरे आहे.

वेडी बाभूळ बहुधा तुमच्या बांधावर आधीच आलेली असेल. १८७७ च्या सुमारास परदेशातून आणलेले हे झाड शेळ्यांच्या लेंड्यांतून पसरते, कारण गोड शेंगा त्या आवडीने खातात आणि बी न पचता बाहेर पडते. ती जमिनीलगत तोडू नये. एका खोडाच्या जागी दहा फोक फुटतात. पावसाळ्यानंतर माती मऊ असताना मुळाचा गड्डा निदान वीतभर खोल खणून काढावा लागतो. गावात तिच्या सरपणावर चुली पेटतात, म्हणून एकदम सगळी काढण्यापेक्षा दरवर्षी बांधाचा एक टप्पा घ्यावा आणि सरपण ज्यांना लागते त्यांनाच ते काम व लाकूड द्यावे. सौंदड तिच्यासारखीच दिसते, ती चुकून तोडली जाऊ नये यासाठी खोडांना आधी चुन्याने खुणा कराव्यात. सौंदड म्हणजे आपली शमीच.

तळेकाठ (उत्तर सोलापूर तालुका)

तिघांचेही मनापासून आभार. प्राध्यापक महोदयांचा सांडपाण्याचा प्रश्न वाचून काल ओढ्याने वर चालत गेलो. वरच्या वस्तीचे नाले तीन वर्षांपूर्वी सिमेंटच्या गटारीत घेतले गेले आणि ती गटार थेट ओढ्यात सोडली आहे. जलपर्णीची पहिली फुले दिसली तो काळ साधारण त्याच सुमाराचा आहे. शिवाय गणपतीचे आणि देवीचे निर्माल्यही आम्ही याच काठावर सोडतो. हा संबंध इतक्या दिवसांत आमच्या कोणाच्याही मनात आला नव्हता, याचे वाईट वाटते.

आता दोन प्रश्न उरतात. जलपर्णी खाणारे भुंगे मिळतात असे ऐकले आहे, ते आणावेत का? आणि जूनमध्ये उगवणारी रोपे ओळखायची कशी? लक्ष ठेवण्यासाठी शाळेची मुले आणि बचत गटातील महिला तयार आहेत.

निवृत्त प्राध्यापक, वनस्पतिशास्त्र (सोलापूर शहर)

आपण ओढ्याने वर चालत गेलात, हे या सगळ्या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. गटारीचे पाणी ओढ्यात पडण्यापूर्वी घराघरांत शोषखड्डे करावेत आणि उरलेले पाणी केळी-कर्दळीच्या वाफ्यातून फिरवून सोडावे. शोषखड्ड्यांसाठी ग्रामपंचायतीला रोजगार हमीतून काम घेता येते. निर्माल्यासाठी काठावर खड्डा करून त्याचे खत करावे.

भुंग्यांविषयी : मूळचे दक्षिण अमेरिकेतले, नियोकेटिना वंशातील दोन सोंडकिडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, इतर पिकांना धोका नाही याची तपासणी करून, भारतात आणले गेले आणि बेंगळुरूच्या काही तळ्यांत त्यांनी चांगले काम केले. प्रौढ किडा पानावर लहान लहान चट्टे पाडतो आणि अळी देठ पोखरते. परंतु त्यांना संख्या वाढवायला तीन-चार वर्षे लागतात, तळे दरवर्षी आटत असेल तर ते टिकत नाहीत आणि सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी त्यांच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढते. आपल्या तळ्याला आधी गटार थांबवणे आणि हाताने काढणे हेच योग्य आहे. परदेशी कीटक कोणाकडूनही परस्पर विकत घेऊन सोडू नयेत. कृषी विज्ञान केंद्रामार्फतच विचारणा करावी. तळे ज्या विभागाच्या ताब्यात असेल त्याची लेखी परवानगी घ्यावी आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत आज तळ्यात आणि माळावर काय काय उरले आहे, त्याची नोंद काम सुरू करण्यापूर्वी करावी. मरळ कोठे अंडी घालते हे गावातल्या वयस्कर मंडळींना ठाऊक असते. त्या जागा दाताळ्यापासून जपता येतील.

रोपांची ओळख मुलांना अशी करून द्यावी. मृगाच्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी काठाच्या ओल्या चिखलावर वाकून पाहावे. सुरुवातीची पाने गवताच्या पातीसारखी अरुंद असतात, मग चमच्यासारखी गोलसर पाने येतात आणि तोपर्यंत रोप चिखलात मुळे धरून उभे असते. त्या वेळी ते दोन बोटांनी मुळासकट उपटते आणि एक मूल तासाभरात घमेलेभर रोपे गोळा करू शकते. देठ फुगू लागला की ते हलके होते आणि पाणी चढले की सुटून तरंगत मध्यभागी जाते. म्हणून जून ते ऑगस्ट दर पंधरा दिवसांनी काठाची एक फेरी ठरवून घ्यावी, आणि देठ फुगण्याआधीची फेरी कोणत्याही कारणाने चुकवू नये.